आठ आणि त्रेचाळीस दाते

चाक मागच्या सीटवर बसून आलं होतं. पुढच्या सीटवर नर्स पुष्पाबाई होत्या, मांडीवर लसींची थंड पेटी घेऊन. जीपला एका ट्रॅक्टरने दोर लावून ओढत आणलेलं, आणि मागे उजवीकडे, जिथे चाक असायला हवं तिथे, सागाचं ओबडधोबड लाकूड बांधलेलं. ते लाकूड आग्रा रोडच्या डांबरावर घासून घासून अर्धं झालं होतं.

खाजा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"मिस्त्री, फिर गया."

"उजवा?" झुलाल मिस्त्रीने हात पुसत विचारलं.

"उजवाच. नाल्यात. चाक आम्हाला सोडून एकटंच पुढे गेलं."

झुलालला आनंद झाला. लाज वाटावी अशी गोष्ट, पण झाला खरा. त्याने तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावर सहसा काहीच येत नसे. तो आत गेला, भिंतीला टेकवलेली लोखंडी घडीची खुर्ची काढली, तिच्यावरची गोणपाटाची खोळ उतरवली आणि खुर्ची बाहेर कडुनिंबाच्या सावलीत नेऊन ठेवली.

"या बाई. बठा."

शिरपूरच्या बाहेर, आग्रा रोडला लागून झुलालचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. वय एक्कावन्न. बायको झुंबरबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हाताखाली होता तो माणूस साखर कारखान्यात लागला, तेव्हापासून झुलाल एकटाच. ट्रकवाले येत, काम सांगत आणि धाब्यावर जाऊन झोपत. ज्याच्याशी बोलावं असं दिवसभरात कोणी भेटत नसे. रात्री तो भाकरी थापायचा, ठेचा वाटायचा आणि जेवताना रेडिओवर कापसाचे बाजारभाव ऐकायचा. त्याच्याकडे कपाशीचं एक बोंडसुद्धा नव्हतं, पण माणसाचा आवाज तर होता.

ही जीप मात्र वेगळी. सातपुड्यात उमरपाणी नावाचा पाडा आहे, तिथे एका संस्थेचा छोटा दवाखाना होता. एक डॉक्टर, पंधरा दिवसांतून दोनदा येणारे. एक नर्स, कायम राहणाऱ्या. आणि ही जुनी जीप. रस्ता म्हणजे नाला, दगड आणि लाल चिखल. जीपचा मागचा एक्सल त्या रस्त्याला पुरत नव्हता. तीन वर्षांत चार वेळा तुटला होता, हा पाचवा.

पुष्पाबाई मूळच्या जामनेरच्या. चाळिशी ओलांडलेली, अंगाने काटक, आवाज मोठा. नवऱ्याबद्दल कधी बोलल्या नाहीत आणि झुलालने कधी विचारलं नाही. जीपशिवाय पाड्यावर परत जायला काही साधन नाही, म्हणून गाडी दुरुस्त होईस्तोवर त्या इथेच बसायच्या. लसींच्या पेटीत समोरच्या बर्फाच्या कारखान्यातून बर्फ भरून आणायच्या, मग खुर्चीत बसून बोलायच्या. कुठल्या बाईला जुळी झाली, कोणाला साप चावला, पाड्यावरच्या बकरीने दवाखान्याचं रजिस्टर कसं खाल्लं. येताना वर्तमानपत्रात बांधून चारोळी आणायच्या. झुलाल गाडीखाली पडून ऐकायचा. सावली सरकली की तो गाडीखालून निघायचा आणि खुर्ची सावलीत सरकवून द्यायचा. त्या उठून उभ्या राहायच्या, तो खुर्ची हलवायचा, त्या पुन्हा बसायच्या. बोलणं तेवढ्यापुरतंही थांबायचं नाही.

खरं सांगायचं तर ते काम तीन तासांचं. झुलाल ते संध्याकाळपर्यंत पुरवायचा.

पहिल्या खेपेला बाईंनी विचारलं होतं, "ओ मिस्त्री, एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं, असं का? दोन्हींना एकच इंजिन ना?"

झुलालने मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. गिअर टाकला. एका चाकाशी बाईंना बसवलं, दुसऱ्याशी स्वतः बसला.

"तुमी फिरवा."

बाईंनी चाक पुढे फिरवलं. झुलालच्या हातातलं चाक आपोआप मागे फिरलं. बाई चकित. त्यांनी पुन्हा फिरवलं. त्यांचं पुढे, ह्याचं मागे.

"मधमा डिफरन्शल शे," झुलाल म्हणाला. "वळणवर एक चाक जास्ती फिरस, एक कमी. त्याना हिशोब हाऊ ठेवस. पण चिखलमा ज्याले पकड नही त्यालेच बठ्ठी ताकद दी टाकस."

"म्हणजे जो काम करत नाही त्यालाच सगळं?" बाई हसल्या. "आमच्या ऑफिससारखंच की!"

त्यानंतर दर खेपेला हा खेळ व्हायचा. गाडी जॅकवर चढली की बाई साडीचा पदर खोचून चाकाशी बसायच्या. झुलालला त्याच्या वयाचा संकोच वाटायचा, पण तोही दुसऱ्या चाकाशी जाऊन बसायचा.

आता आतल्या कोपऱ्यातल्या वस्तूबद्दल सांगायला हवं.

मागच्या दिवाळीत झुलाल धुळ्याच्या भंगार बाजारात गेला होता. तिथे लष्कराच्या लिलावातून आलेल्या मोठ्या गाडीचा मागचा अख्खा एक्सल पडला होता, हौसिंगसकट, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचासकट. साध्या जीपमध्ये चाक एक्सलच्या टोकावरच बसवलेलं असतं. गाडीचा भारही एक्सलने उचलायचा आणि चाकही त्यानेच फिरवायचं, म्हणून तो तुटला की चाक निघून जातं. ह्या लष्करी प्रकारात भार बाहेरचं हौसिंग उचलतं. आतल्या एक्सलने नुसतं फिरवायचं. तुटला तरी चाक जागेवर. शिवाय ह्याला लॉक होतं. एक दांडा ओढला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात, मग एक चिखलात आणि एक दगडावर असलं तरी दोन्ही सारखीच फिरतात.

पण जीपला पुढूनही ताकद जाते. पुढच्या आणि मागच्या गिअरचं प्रमाण जुळलं नाही तर गाडी स्वतःशीच भांडत बसते आणि आणखी काहीतरी मोडून ठेवते. म्हणून झुलाल त्या बाजारात उकिडवा बसला, झाकण उघडलं, आणि बोटाने दाते मोजले. लहान गिअरचे आठ, मोठ्याचे त्रेचाळीस. उमरपाण्याच्या जीपचेही आठ आणि त्रेचाळीस. त्याने खात्रीसाठी पुन्हा मोजले. मग कोणालाही न विचारता तो एक्सल ट्रकमध्ये टाकून शिरपूरला आणला, घासलेटने धुतला, ग्रीस लावलं आणि गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. पुढच्या खेपेला बसवायचा म्हणून.

पुढची खेप मार्चात आली. बाई खुर्चीत बसल्या होत्या, चारोळीची पुडी उघडली होती, होळीला पाड्यावर काय काय झालं ते सांगत होत्या. झुलाल दोनदा आत गेला. दोन्ही वेळा गोणपाटासमोर उभा राहिला आणि दुसराच पाना घेऊन बाहेर आला. संध्याकाळी त्याने जुन्याच जातीचा नवा एक्सल बसवला आणि गाडी सोडली. संस्थेने कुठे मागितलाय, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. कोणी मागितला नव्हता.

आणि आता ऑगस्ट. सन एक्क्याण्णव.

बाई खुर्चीत बसल्या नाहीत. पेटी खुर्चीवर ठेवली आणि उभ्याच राहिल्या. पुडीही आणली नव्हती.

"खाजाभाईंनी सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

खाजा मान फिरवून ट्रॅक्टरचा दोर सोडवू लागला.

"परवा गाडीत पेशंट होती," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "शेवंता नावाची. वीस वर्षांची, पहिलटकरीण. मूल आडवं होतं. माझ्या हातातलं काम नव्हतं, शिरपूरला आणलीच पाहिजे होती. नाल्यात चाक गेलं. मग झोळी केली आणि चौघांनी खांद्यावर घेतली. अकरा किलोमीटर. पुढे रस्त्यावर ट्रॅक्टर मिळाला. तिला इथल्या दवाखान्यात ठेवलं आणि आज त्याच ट्रॅक्टरने गाडी ओढून आणली."

झुलालची नजर जीपच्या मागच्या, घासलेल्या लाकडावर गेली.

"ती वाचली. मूल गेलं. मुलगा होता."

आग्रा रोडवरून एक ट्रक गेला.

"डॉक्टरसाहेबांनी निरोप दिलाय," बाई पुढे म्हणाल्या. "आता तात्पुरतं काही नको. कायमचं काय करायचं ते मिस्त्रींना विचारा, ते सांगतील ते करा, असं म्हणाले. मला ह्यातलं कळत नाही. तुम्ही सांगा."

खाजा पुढे आला. "मैं बोलतो मिस्त्री. अंदर वेल्डिंग मार दो. ट्रॉलीवाले करतात तसं. दोन्ही चाकं कायमची बांधली, किस्सा खतम."

"आन मंग घाटमा वळणवर काय करशी?" झुलाल एकदम चिडला. "दोन्ही चाकं बांधी टाकात का गाडी वळस नही, सरळ जास. दरीमा जाशी का पेशंट लिसन?"

खाजा एक पाऊल मागे सरला. झुलालला एवढा आवाज चढवलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

"मग दुसरं काय?" बाईंनी विचारलं.

"जाड एक्सल भेटस. जळगावमा एक लेथवाला करी देस. ह्याच हौसिंगमा बठी."

"किती टिकेल?"

"दोन पावसाळा. तीन."

"आणि मग?"

"मंग देखू."

बोलून गेल्यावर झुलालला स्वतःचाच आवाज ऐकू आला. दोन पावसाळे, मग देखू. म्हणजे दोन पावसाळ्यांनी गाडी पुन्हा इथे, खुर्ची पुन्हा सावलीत. मूल गेल्याचं ऐकून अर्धा तास झाला नव्हता आणि त्याचं मन तिथेच गेलं होतं. त्याला स्वतःची किळस आली. तो वळला, आत गेला आणि कोपऱ्यातलं गोणपाट दोन्ही हातांनी ओढून काढलं.

बाई मागोमाग आत आल्या. ग्रीस लावलेलं ते भलंमोठं लोखंड उजेडात आलं.

"हे काय आहे?"

झुलालने सांगितलं. भार कोण उचलतं, चाक का निघत नाही, लॉक कसं लागतं. सांगताना तो लोखंडाकडेच बघत होता. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी बोटाने ग्रीसवरची धूळ पुसली. धूळ चांगली जाड होती.

"कधी आणलं हे?"

एक खोटं तयार होतं. मागल्याच आठवड्यात आणलं, एवढंच म्हणायचं. धूळ काय, वर्कशॉपमध्ये आठ दिवसांतही बसते.

"दिवाळीले," झुलाल म्हणाला.

"कोणासाठी?"

"ह्याच गाडीसाठे. दाते मोजीसन लई उनथू."

बाईंनी मनाशी महिने मोजले. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मार्चमध्ये मी इथे होते, मिस्त्री. दिवसभर होते. तेव्हा का नाही बसवलं?"

झुलालने हातातलं गोणपाट घडी केलं. मग उलगडलं. मग पुन्हा घडी केलं.

"हाई बसाडं असतं तर गाडी मोडती नही," तो म्हणाला. "गाडी मोडती नही तं अठे येती नही."

त्याने वर पाहिलं नाही. बाहेर खाजा चाक जमिनीवर उतरवत होता, त्याचा धप्प आवाज आला. पुष्पाबाईंनी दारातून बाहेर पाहिलं. कडुनिंबाखाली खुर्ची होती, तिच्यावर लसींची पेटी होती, आणि पेटीवर आता ऊन आलं होतं. त्या बाहेर गेल्या आणि पेटी उचलून सावलीत, जमिनीवर ठेवली. बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या रडत होत्या की रागावल्या होत्या, हे झुलालला कळलं नाही. कळून घ्यायचा हक्कही आपल्याला राहिलेला नाही, असं त्याला वाटलं.

परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज कामाचा होता.

"किती दिवस लागतील?"

"तीन."

"खाजाभाई इथेच राहतील. मी दवाखान्यात शेवंताजवळ आहे. तिसऱ्या दिवशी येते."

पेटी काखेला मारून त्या रस्त्याला लागल्या. खुर्ची रिकामीच राहिली. झुलालने ती घडी करून आत ठेवली, पण खोळ घातली नाही.

तीन दिवस तो जेवायलासुद्धा नीट उठला नाही. जुनं हौसिंग सोडवलं. नव्यावर स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका कापून नव्या जागी वेल्ड केल्या, दोन्हीकडून माप दहा-दहा वेळा घेतलं. नवं हौसिंग जीपपेक्षा दोन्ही बाजूंनी दोन बोटं जास्त होतं. चाकं तेवढी बाहेर आली, पण त्याने गाडी उलट पक्कीच बसली. ब्रेकच्या नळ्या लांबवल्या. लॉकचा दांडा ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी आणला. ताज्या वेल्डवर हातोडा मारून मारून त्याने कान लावून आवाज ऐकला. एक जोड त्याला पसंत पडला नाही, तो सगळा कापून पुन्हा केला. खाजा म्हणाला, "मिस्त्री, पक्का है." झुलाल म्हणाला, "तुले काय मालूम?" आणि कामाला लागला. तीस वर्षांत त्याने इतकं चांगलं काम केलं नव्हतं आणि ते चांगलं होत असल्याचा त्याला इतका त्रासही कधी झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. बरोबर शेवंता होती, काळी, बारकी, डोळे खाली. तिला घरी न्यायचं होतं. तिला पुढच्या सीटवर बसवून बाई मागे आल्या. जीप अजून जॅकवरच होती.

"झालं?"

"व्हयनं."

बाईंनी उचललेल्या चाकांकडे पाहिलं. मग त्यांनी पदर खोचला आणि नेहमीच्या चाकाशी बसल्या. झुलालला वाटलं नव्हतं त्या बसतील म्हणून. तो दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. गाडी न्यूट्रलला होती. त्याने खाजाला लॉक लावायला सांगितलं.

बाईंनी चाक पुढे फिरवलं. झुलालच्या हातातलं चाकही पुढे फिरलं. बाईंनी मागे फिरवलं, तेही मागे आलं.

"एकाच बाजूला फिरतंय," गाडीपलीकडून बाईंचा आवाज आला.

"हा."

दोघांच्या मधे अख्खी गाडी होती, त्यामुळे एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. ते बरंच झालं. बाईंनी चाक आणखी एकदा, सावकाश, पूर्ण फेरा फिरवलं. झुलालने आपल्या चाकावर नुसता तळहात ठेवला होता. मग चाक थांबलं.

जॅक उतरवल्यावर त्याने खाजाला बजावलं, "चिखल उना का लॉक लावजो. डांबरवर चढना का काढी टाकजो. इसरू नको." खाजाने कानाला हात लावला. शेवंताने एकदा झुलालकडे पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं. गाडी नीट केली म्हणून तिने त्याला हात जोडले, आणि झुलाल घाईघाईने आत निघून गेला.

त्या पावसाळ्यात पुढे जीप आली नाही. हिवाळ्यात नाही, उन्हाळ्यातही नाही. पुढचा पावसाळा आदल्यापेक्षा मोठा होता. नाल्यांना पूर आले, दोन वेळा आग्रा रोड बंद झाला. ढग डोंगरावर उतरले की झुलाल हातातलं काम थांबवून तिकडे बघायचा. गाडी मोडू नये असंच त्याला वाटायचं, मनापासून. तरी मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की मान वळायचीच.

कार्तिकात एका सकाळी जीप आली. स्वतःच्या चार चाकांवर, चांगली धावत. ती रस्त्यावर दिसली तेव्हाच झुलालने खुर्ची काढली आणि कडुनिंबाखाली नेऊन ठेवली.

"कुछ नहीं मिस्त्री," खाजा हसत म्हणाला. "सिर्फ तेल बघा. बाई बोलल्या, एकदा दाखवून घ्या. धुळ्याला मीटिंग आहे, अकराला पोचायचंय."

झुलाल खाली शिरला. हौसिंगचा बोल्ट खोलला, करंगळी आत घातली आणि तेल काढून दोन बोटांत चोळलं. आत काही झिजत असेल तर तेलात लोखंडाचा कीस येतो, बोटाला खरखर लागते. त्याने पुन्हा चोळलं. तेल गुळगुळीत होतं, एक कण नव्हता. पातळीही बरोबर होती. चाकांचे दोन्ही हब हलवून पाहिले, हलले नाहीत. बोल्ट आवळला. सगळं मिळून दहा मिनिटं झाली. आणखी काय बघावं ते त्याला सुचेना, म्हणून तो एक मिनिट तसाच गाडीखाली पडून राहिला.

"ठीक?" वरून बाईंनी विचारलं. त्या पुढच्या सीटवरच होत्या.

"ठीक शे." तो बाहेर आला. "काईच नही."

बाईंच्या कपाळाजवळचे केस पांढरे झाले होते. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि खिडकीतून पुढे केली. झुलालने हात पँटला पुसून ती घेतली.

"ह्या पावसाळ्यात अकरा बायका आणल्या," त्या म्हणाल्या. "एकदाही थांबलो नाही. अकराच्या अकरा घरी गेल्या, पोरं घेऊन."

"अकरा," झुलाल म्हणाला.

"शेवंताला परत दिवस गेलेत. माघात आणायची आहे."

"पोचशात," तो म्हणाला. "बराबर पोचशात."

बाईंनी मान हलवली. त्यांची नजर कडुनिंबाखाली गेली, खुर्चीवर. त्या काहीतरी म्हणणार होत्या, निदान झुलालला तसं वाटलं. खाजाने घड्याळ पाहिलं आणि गाडी सुरू केली.

"येते, मिस्त्री."

जीप धुळ्याच्या बाजूला वळली. झुलाल तिचं मागचं उजवं चाक बघत राहिला. ते जरासुद्धा डुलत नव्हतं. पुलापलीकडे गाडी दिसेनाशी झाली तेव्हा त्याने पुडी फळीवर ठेवली आणि एका ट्रकचा गिअरबॉक्स खोलायला घेतला.

दुपारी सावली सरकली. खुर्चीवर ऊन आलं. झुलाल ट्रकखालून निघाला, हात पुसले, आणि रिकामी खुर्ची उचलून सावलीत ठेवली.